रोजची भाकर आणि अक्षय ठेवा



ख्रिस्ती भाविकाला ईश्वराची समृद्धी आणि ईश्वराची जवळीक कशी अनुभवाला येते, हा विषय यंदाच्या मालेत माझ्याकडे आला, तेव्हा आमच्या युनियनच्या कचेरीत बरीच करमणूक झाली. वक्ता कामगार संघटनेचा, त्यातून जन्माने ख्रिस्ती नव्हे, आणि विषय देवाचा! एक जुना सभासद म्हणाला, "काय हो, खालच्या कोर्टात पगारवाढ मिळेना, म्हणून आता वरच्या कोर्टात अर्ज का?" त्याने थट्टाच केली, पण त्या थट्टेत या विषयाचा निम्मा अर्थ आला आहे. तो पुढे ओघाने येईल.

माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही वाचन झाले ते नगर वाचनालयाच्या कृपेने. सफाई कामगारांची, विशेषतः कंत्राटी सफाई कामगारांची संघटना बांधताना अनेक ख्रिस्ती कुटुंबांशी माझा घरोबा झाला. संध्याकाळी वर्गणीसाठी जावे, तो घरात प्रार्थना चाललेली असावी. मग दाराशी उभे राहण्यापेक्षा आत बसावे, असे होता होता बायबल वाचनात आले. मी पंडित नव्हे. जे वाचले आणि ज्यांना ते जगताना पाहिले, त्याविषयीच बोलतो.

प्रथम 'समृद्धी' या शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. येशूने आपल्या येण्याचा हेतू सांगताना म्हटले, की लोकांना जीवन मिळावे आणि ते विपुल मिळावे. हे योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे. या 'विपुल' शब्दावर दोन प्रकारच्या लोकांनी हात मारला आहे. एक प्रकार आपण आजकाल दूरचित्रवाणीवर पाहतो. मोठा मंडप, झगझगीत दिवे, आणि व्यासपीठावरचा उपदेशक सांगतो, की तुम्ही दान टाका, देव तुम्हांला दसपट देईल. मोटार देईल, बंगला देईल. दुसरा प्रकार याहून जुना. तो गरिबाला सांगतो, की बाबा, विपुलता मेल्यावर. येथे मुकाट्याने सोस. पहिला देवाला सावकारी पेढीवर बसवतो, दुसरा देवाला धन्याचा मुकादम करतो. मला या दोघांत दुसऱ्याची चीड अधिक येते. पण ती धंद्याची सवय म्हणून सोडून द्या. मुद्दा असा, की ज्या संदर्भात येशूने ते वाक्य उच्चारले तो संदर्भ मेंढपाळाचा आहे. चोर येतो तो चोरायला आणि मारायला. मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने ओळखतो, त्यांच्यापुढे चालतो, त्यांच्यासाठी प्राण देतो. म्हणजे विपुलता आणि जवळीक या दोन गोष्टी तेथे एकाच वेळी सांगितल्या आहेत. चारा भरपूर आहे, कारण मेंढपाळ जवळ आहे. यांतली एक घेऊन दुसरी टाकता येत नाही.

ही विपुलता कशा जातीची असते, याचे सर्वांत जुने चित्र निर्गम नावाच्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात आहे. मिसर देशात विटा पाडणारे इस्राएली लोक तेथून सुटले आणि रानात उपाशी पडले. भुकेल्या माणसाला गुलामीतले हंडेसुद्धा गोड वाटू लागतात; संप लांबला की तिसऱ्या महिन्यात काय बोलणी ऐकू येतात, हे ज्यांनी संप केले आहेत त्यांना ठाऊक आहे. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा माझे वडील साच्यावर होते. मी शाळकरी पोर होतो, पण ती बोलणी माझ्या कानांत आहेत. असो. त्या रानात पहाटे जमिनीवर दहिवरासारखे अन्न पडलेले दिसले. त्याला मान्ना म्हणतात. आज्ञा अशी झाली, की प्रत्येकाने माणशी एक ओमर, म्हणजे एक ठराविक माप, गोळा करावे. कोणी अधिक गोळा केले, कोणी कमी. पण मापून पाहिले तेव्हा ज्याने अधिक गोळा केले होते त्याचे उरले नाही आणि ज्याने कमी केले होते त्याला उणे पडले नाही. काही हुशार मंडळींनी दुसऱ्या दिवसासाठी साठवून ठेवले, तर त्यात किडे पडले आणि घाण सुटली. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट घ्यावयाचे होते, कारण सातवा दिवस विश्रांतीचा. त्या दिवसासाठी ठेवलेले मात्र नासले नाही.

ही रेशनची व्यवस्था आहे, असे मी म्हटले तर धर्मपंडितांनी रागावू नये. पण रेशनच्या दुकानात आणि तेथे एक भेद आहे. रेशन देणारा दिसत नाही, त्याचा कारकून दिसतो. मान्ना रोज पहाटे नव्याने पडे. म्हणून देणाऱ्याची आठवणही रोज पहाटे नव्याने होई. कोठार भरले असते तर ती आठवण वर्षातून एकदा झाली असती. साठ्यात किडे का पडले, याचे उत्तर मला तरी येथे दिसते. ज्या समृद्धीने देणारा दूर जातो, ती बायबलाच्या दृष्टीने समृद्धी नव्हेच.

आणि त्या सातव्या दिवसाविषयी एक शब्द बोलल्यावाचून मला राहवत नाही. दहा आज्ञांचे पाट पर्वतावरून येण्याच्या आधीच ही सुट्टी रानातल्या उपाशी लोकांना मिळाली. आणि पुढे आज्ञा आली तीत दासदासी, परका, एवढेच काय, बैल-गाढवसुद्धा विश्रांतीचे हक्कदार ठरले. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंड्यांनी झगडून १८९० साली मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, तेव्हा रविवार हा खंडोबाचा वार, ही भावनाही त्यामागे होती. ख्रिस्ती माणूस त्या दिवशी देवळात जातो, कोणी जेजुरीला जातो. विश्रांती हीदेखील समृद्धी आहे, हे मात्र दोघांनाही कळते. कंत्राटदाराला कळत नाही.

येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली तीत हीच मान्नाची रीत आहे. भाकर मागावयाची, पण आजची. मराठी भाषांतरकारांनी तेथे 'अन्न' हा भारदस्त शब्द न घालता 'भाकर' घातला, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. मूळ ग्रीकमध्ये 'रोजची' या अर्थी जो शब्द आहे तो इतका विरळा आहे, की त्याचा अर्थ 'आजपुरती', 'उद्याची' की 'गरजेपुरती' यावर विद्वानांचा वाद अजून संपलेला नाही. मजुराला मात्र त्या वादाची अडचण पडत नाही. नाक्यावर उभा राहणारा माणूस आजचे, उद्याचे आणि गरजेचे यांत फरक करू शकतच नाही. त्याहून महत्त्वाचे असे, की प्रार्थनेत 'माझी भाकर' नाही, 'आमची' आहे. एकट्याने, दार लावून म्हटली तरी ती प्रार्थना अनेकवचनीच राहते. शेजारी उपाशी असताना ती म्हणणारा माणूस, नकळत का होईना, शेजाऱ्याच्या वतीने मागणीपत्र सादर करीत असतो.

पौलाने हे पुरते ओळखले होते. यरुशलेममधल्या गरीब ख्रिस्ती लोकांसाठी त्याने ग्रीस आणि मासेदोनियाच्या मंडळ्यांतून वर्गणी जमवली. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो सांगतो, की मासेदोनियातले लोक स्वतः कमालीचे दरिद्री असून त्यांनी आपल्या ऐपतीपलीकडे दिले. आणि मग करिंथकरांना तो नेमकी मान्नाची गोष्ट आठवून देतो. तुमच्याकडे आज जास्त आहे ते त्यांच्या तुटीला लागावे, उद्या त्यांचे तुमच्या तुटीला. पूर्वी मापाचे काम देवाने केले. आता माणसांनी आपापसांत करावयाचे! त्याच पत्रात पुढे तो विपुलतेची व्याख्याही करून टाकतो: स्वतःला पुरेसे असावे आणि चांगल्या कामासाठी उरावे. मला ही व्याख्या कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकातील व्याख्येइतकी काटेकोर वाटते. वसईकडच्या कॅथॉलिक मंडळींचा आगेरा ऑक्टोबरात होतो, तेव्हा नव्या भाताच्या लोंब्या आधी देवळात आशीर्वादासाठी येतात आणि मग घरात जातात. पीक आपल्या कणगीत पडण्याआधी ते दिलेले आहे, हे हातांना कळावे, एवढ्यासाठीच तो सण आहे.

आता ज्यांच्या आयुष्यात ही गोष्ट मला सर्वांत स्पष्ट दिसते त्यांच्याकडे येतो. त्या आपल्याच मातीतल्या होत. पंडिता रमाबाईंचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे पुस्तक मात्र थोड्यांनी वाचले आहे. १९०७ साली त्यांनी इंग्रजीत आपली साक्ष लिहिली, तिच्या नावाचा अर्थ 'आमच्या अक्षय ठेव्याची साक्ष' असा होतो. अक्षय ठेवा! हा शब्द वापरणारी बाई कोण होती, ते पाहा. १८५८ मध्ये जन्मलेली ही मुलगी आईबापांबरोबर पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरली. पुढे दुष्काळ पडला. जवळचे सगळे संपले, रानातला पाला खाण्याची वेळ आली, आणि थोड्या काळाच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. भीक मागण्याची लाज वाटे आणि अंगमेहनतीचे काम कोणाला येत नव्हते, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. विद्या डोक्यात होती, पण पोटाला तिचा उपयोग झाला नाही. पुढे भाऊही गेला, पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ मध्ये गेले. म्हणजे हा 'अक्षय' शब्द भरल्या पोटाचा नव्हे.

१८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले, पुढे ते पुण्यास आले. तेथे काय वादळ उठले, हे पुणेकरांना सांगण्याचे कारण नाही. मला सांगावयाचे आहे ते निराळेच. रमाबाई म्हणतात, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त नव्हता. मते पटली होती, शास्त्र कळले होते; तो मात्र भेटला नव्हता. आपण जवळिकीविषयी बोलतो आहोत, म्हणून हा कबुलीजबाब फार मोलाचा आहे. एवढी विदुषी, कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'सरस्वती' म्हटले, ती सांगते की ज्ञानाने मी अंगणापर्यंत आले. घरात शिरणे झाले ते अगदी साध्या रीतीने: आपण जशा आहोत तशा, काही कमावून न दाखवता, आपला स्वीकार झाला आहे एवढे तिने मानले. मजुरी आणि देणगी यांतला हा फरक आहे. माझ्यासारख्या माणसाला तो पचायला जड जातो, कारण आमचे आयुष्य हक्काची मजुरी मागण्यात गेले. पण द्राक्षमळ्याच्या दाखल्यात येशूने हाच फरक मांडला आहे. दिवसभर राबलेल्यालाही एक दीनार, शेवटच्या तासाला आलेल्यालाही एक दीनार. सकाळचे मजूर कुरकुरले. प्रथम वाचताना माझी सहानुभूती त्या कुरकुरणाऱ्यांकडेच गेली. मग उशिरा आलेल्यांचे उत्तर नजरेत भरले: आम्हांला कोणी कामावर घेतलेच नाही! एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, एका घराची एका दिवसाची भाकर. मालकाने तासांचा हिशेब केला नाही, पोटांचा केला. पुन्हा मान्नाचेच माप!

रमाबाईंच्या हातून पुढे जे घडले ते या मापानेच घडले. अमेरिकेतील मित्रांनी बोस्टनला संस्था काढून दहा वर्षे मदतीचे वचन दिले होते. ती मुदत सरत आली होती, आणि नेमक्या त्याच वेळी, १८९६-९७ मध्ये, मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. व्यवहार सांगत होता की हात आखडा. रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. स्वतःच्या घरच्यांना दुष्काळाने कसे मारले, हे त्या विसरल्या नव्हत्या. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. पुढे गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजाराच्या वर गेली. एवढ्या तोंडांना रोज दोन वेळ घालावयाचे म्हणजे काय, हे ज्याने एखाद्या संपात सामुदायिक स्वयंपाकघर चालवले आहे त्याला विचारा. आजचे झाले, उद्याचे देव पाहील, असे म्हणणे भाषणात सोपे असते. पिठाचा डबा उघडून म्हणणे अवघड असते. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरने कोणापुढे हात न पसरता, प्रार्थनेवर विसंबून हजारो अनाथ मुले वाढवली होती. त्याच्या चरित्राने रमाबाईंना बळ दिले. म्यूलर मिळालेल्या पैशाचा हिशेब छापून प्रसिद्ध करीत असे, हे मी मुद्दाम सांगतो. विश्वास आणि जमाखर्च यांचे वैर नाही.

रमाबाई प्रार्थना करून स्वस्थ बसल्या नाहीत. मुक्तीत मुली विणकाम शिकल्या, शेती शिकल्या, घाणा चालवू लागल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. ज्या घरी कोणाला अंगमेहनतीचे काम येत नव्हते म्हणून माणसे मेली, त्या घरच्या मुलीने शेकडो अनाथ मुलींच्या हाताला काम दिले. अन्नाबरोबर अन्न मिळवण्याचे सामर्थ्यही द्यावयाचे, ही त्यांची समृद्धी. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला आणि प्लेगच्या बंदोबस्तात बायकांची जी वागणूक झाली तिच्याविरुद्ध या ख्रिस्ती बाईने ख्रिस्ती सरकारवर जाहीर टीका केली. देवाजवळ राहणाऱ्या माणसाने सरकारजवळही राहिले पाहिजे, असा त्यांचा समज नव्हता.

आता कोणी म्हणेल, रमाबाई असामान्य. आमच्यासारख्या नोकरी-चाकरीच्या माणसाने देवाजवळ कसे राहावे? याला उत्तर देणारा माणूस स्वयंपाकी होता. लोरेन प्रांतातला निकोला हेर्मां नावाचा गरीब तरुण सैन्यात गेला, जखमी होऊन लंगडा झाला, कोणाच्या घरी हुजऱ्या राहिला, आणि १६४० मध्ये पॅरिसच्या कार्मेलाइट मठात सेवक-बंधू म्हणून शिरला. तेथे त्याचे नाव लॉरेन्स पडले. त्याला काम दिले स्वयंपाकघरातले, आणि त्याला त्या कामाचा मनापासून तिटकारा होता. पुढे पाय दुखू लागल्यावर चपला शिवण्याच्या कामावर बसवले. या माणसाने एक साधी गोष्ट केली. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांच्यामधली भिंत त्याने पाडली. भांड्यांच्या खडखडाटात, चारी बाजूंनी लोक काहीबाही मागत असता, तो मनातल्या मनात देवाशी बोलत राहिला. जमिनीवरची काडी उचलावयाची तीसुद्धा देवाच्या प्रेमाने, असे तो म्हणे. लक्ष भरकटले तर ऊर बडवून घेत नसे. परत वळे, एवढेच. १६९१ मध्ये तो वारला, त्यानंतर त्याची संभाषणे आणि पत्रे छापली गेली, आणि मोठमोठे धर्माचार्य या आचाऱ्याजवळ शिकवणी घेऊ लागले.

ही गोष्ट एकदम साधली असे मात्र कोणी समजू नये. सुरुवातीची सुमारे दहा वर्षे आपण फार तळमळत काढली, असे त्यानेच सांगितले आहे. सवय लागेपर्यंत जवळीक हेही एक कामच असते. मराठी माणसाला ही वाट परकी वाटू नये. दळताना, कांडताना देवाला हाक मारण्याची रीत आपल्या बायकांना कोणी मठात शिकवली नव्हती. रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांचे बोट धरूनच ख्रिस्तापाशी पोहोचले, आणि त्यांची पदे आजही मराठी मंडळ्यांतून म्हटली जातात.

राहता राहिला तो प्रश्न, जो आमच्या सभासदाने थट्टेने विचारला. भाकर आली नाही तर? पगार तीन महिने थकला, पोर आजारी पडले, आणि आकाशातून काहीच पडले नाही, तर जवळीक कोठे गेली? येथे उपदेशक बहुधा आवाज चढवतात. बायबल तसे करीत नाही. ते तक्रारीची जागा मोकळी ठेवते. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे सरळसरळ तक्रारअर्ज आहेत: किती दिवस, का, कोठे आहेस तू? वधस्तंभावर खुद्द येशूने बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीची आर्त हाक मारली. आणि देवाच्या कानाविषयी बायबल काय म्हणते, ते कंत्राटदारांनी जरूर वाचावे. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात आज्ञा आहे, की मजूर स्वकीय असो वा परका, त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी दे. तो गरीब आहे, त्याचा जीव तिच्यात आहे. त्याने देवाला गाऱ्हाणे सांगितले तर पाप तुझ्या माथी. याकोबाच्या पत्रात तर अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते, आणि तो आवाज सेनाधीश परमेश्वराच्या कानापर्यंत जातो.

आमच्या संघटनेतील एक ख्रिस्ती बाई, झाडूखात्यात कंत्राटावर काम करणारी, मला एकदा म्हणाली, "साहेब, ज्याच्याशी भांडता येतं तोच आपला. परक्याशी कोण भांडतंय?" ती त्या दिवशी सकाळी देवाशी भांडून आली होती आणि दुपारी मोर्चात सर्वांपुढे होती. थकलेला पगार पुढे मिळाला. देवाने दिला की युनियनने, यावर आमचा वाद झाला नाही. तिने पहिल्या दिवशी देवळात थोडे टाकले आणि दुसऱ्या दिवशी युनियनची थकलेली वर्गणी भरली.

रमाबाईंनाही शेवटी असा दिवस पाहावा लागला. १९२१ च्या जुलैत त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. मुक्तीचा भार तिच्या खांद्यावर द्यावयाचा होता, ती आईच्या आधी गेली. रमाबाईंचे स्वतःचे शरीर थकले होते. हाती एक काम होते: बायबलाचे भाषांतर. हिब्रू आणि ग्रीक या वयात शिकून, खेड्यातल्या बाईला वाचता यावे अशा सोप्या मराठीत त्या ते करीत होत्या. ते काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. १९२४ मध्ये ते मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. खिळे जुळवणाऱ्या, कागद लावणाऱ्या, यंत्र चालवणाऱ्या बायकाच होत्या.